न शिकवायचं गाव

क्रांतीच्या प्रबंधाला हळदीकुंकू लागलं तेव्हा सुभेदार नानासो सिसाळ मळ्यात होते, नाहीतर त्यांनी बायकोचा हात वरच्या वर धरला असता. परत येऊन पाहतात तो देव्हाऱ्यापुढच्या पाटावर सुनेच्या प्रबंधाच्या काळ्या पुठ्ठ्याच्या प्रती एकावर एक मांडलेल्या, आणि सगळ्यांत वरच्या प्रतीवर, सोनेरी अक्षरांच्या बरोबर डोक्यावर, राहीबाईंनी बोट टेकवलेलं.

“आगं, उद्या विद्यापीठात द्यायचं पुस्तक हाय ते!”

“मग? ट्रॅक्टर आणला तवा त्याला लावलंच की. त्यो तर एका दिवसात आला. हिला किती साल लागली!”

फौजेत असताना सुभेदारसाहेबांचा आवाज परेडच्या मैदानाच्या त्या टोकाला जायचा म्हणतात. घरात मात्र तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच अडायचा.

साल लागली होती हे खरं. क्रांती या घरात सून म्हणून आली ती बी.एड. होऊन. पुढचं एम.एड. तिनं इथूनच केलं, पलूसच्या स्टँडवरून सांगलीची एसटी धरून. मग सांगलीच्याच एका कॉलेजात शिकवायला लागली, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचाच मोबदला, सुट्टी लागली की घरी बसा, आणि जून उजाडला की त्याच खुर्चीसाठी पुन्हा नव्यानं मुलाखत द्या. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली ठिकठिकाणी कायम झाल्या आणि बाई अजून स्टँडवर उभ्याच. एवढ्या वर्षांनी साताऱ्याच्या एका कॉलेजात शिक्षणशास्त्राची कायम जागा निघाली होती. मुलाखत पुढच्या महिन्यात, आणि त्याआधी प्रबंध जमा झालेला हवा, असं तिथल्या लोकांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून उद्या सोमवारी प्रबंध जमा करायचा आणि आज रविवारी मार्गदर्शक सरांना घरी जेवायला बोलवायचं, असं ठरलं होतं. ठरवणारे अर्थात नानासो.

सुनेच्या शिक्षणाचा नानासोंना अभिमान होता हे म्हणणं फारच कमी झालं. गावात कुणी नुसती वेळ विचारली तरी वेळ सांगून झाल्यावर ते क्रांतीच्या संशोधनावर यायचे. जतच्या सीमेवरची गावं, घरात पोरं कानडी बोलतात, शाळेत पुस्तक मराठी, मग पोरगं तिसरी-चौथीत गेलं तरी वाचताना अडखळतं. तर आमच्या क्रांतीनं चित्रांची कार्डं काढलीत, गोष्ट आधी कानडीत सांगायची आणि मग तीच मराठीत वाचायला द्यायची, पोरगं फडाफडा वाचतं, असं सगळं एका दमात. त्यांनी स्वतः मोटारसायकलवर मागं बसवून सुनेला त्या गावांत नेलं होतं. एका गावातल्या शाळेत त्या कार्डांवर शिकवायचं. दुसऱ्या गावात काहीच शिकवायचं नाही, नुसती सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घ्यायची. त्याला प्रबंधात काहीतरी मोठं नाव होतं. नानासो त्या दोन गावांना ‘शिकवायचं गाव’ आणि ‘न शिकवायचं गाव’ म्हणायचे.

अलीकडे मात्र सून गप्प गप्प होती. शेवटचं प्रकरण लिहायला घेतल्यापासून तिच्या जेवणात लक्ष नव्हतं. एकदा नानासोंनी विचारलं, “जमलं न्हवं सगळं?” तर म्हणाली, “झालं, मामा, एकदाचं.” दमली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

दुपारच्या सुमारास डॉ. प्रबुद्ध सरतापे आले. आटपाडीकडचा माणूस, सडपातळ, बोलणं हळू. सोप्यात पाऊल टाकताच त्यांची नजर पाटावरच्या प्रतींवर गेली.

“वहिनी, परीक्षकांच्या आधी तुम्हीच शेरा मारला की!” ते राहीबाईंना म्हणाले.

“पास केलंय, सर,” राहीबाई म्हणाल्या. “आता तुमी बी अडवू नगा.”

सर हसले, पण हसताना त्यांनी एकदा क्रांतीकडे पाहिलं आणि तिनं मान खाली घातली. नानासोंनी ते पाहिलं. शुभ दिवशी माणसं उगाच हळवी होतात, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

पाठोपाठ कोंडीबा आला. नानासोंचा फौजेतला जोडीदार, एकाच बराकीतला. आता जतकडे आपल्या गावी मेंढरं राखून होता आणि गावच्या शाळा समितीचा अध्यक्ष होता. ‘न शिकवायचं गाव’ म्हणजे कोंडीबाचंच गाव. खांद्यावर नवंकोरं घोंगडं घेऊन तो भर उन्हाचा जीपनं आला होता.

“शाल-बिल आमच्याकडं न्हाई गड्या,” तो नानासोंना म्हणाला. “आमच्या मेंढरांची लोकर हाय. पोरीला साताऱ्याच्या थंडीत उपेगी पडंल.”

क्रांतीनं वाकून नमस्कार केला, तर कोंडीबानं घोंगडं तिच्या खांद्यावर घातलंच. उन्हाळ्याच्या ऐन दुपारी, पदरावर जाडजूड घोंगडं घेऊन ती उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली. तिचा नवरा विश्वजीत म्हणाला, “काका, तिला आत्ताच सातारला पोचवताय का काय?” नानासोंचा जीव सुपाएवढा झाला.

पंगत बसली. तांबडा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. पुरुषांबरोबर क्रांतीनंही बसावं असा राहीबाईंचा हुकूम होता. आजचा मान तिचा. विश्वजीत वाढायला होता. दोन घास पोटात गेल्यावर कोंडीबा खुलला.

“सर, तुमी आमच्या गावाकडं एकदा याच,” तो म्हणाला. “आमची पोरं आता वाचत्यात! त्या पल्याडच्या गावाची वाचत्यात म्हणून लय मिरवत हुते. आता आमची बी कमी न्हाईत.”

“असं?” सर म्हणाले.

“मग! आवं, आदी निस्ती चाचणी घेऊन गेली बाई. पोरांची तोंडं बघवंनात. शिकवायचं न्हाई आन परीक्षा घ्यायची! मग नानाला म्हटलं, ह्ये काय न्याय हाय का?”

नानासो रश्श्यात भाकरी कुस्करत होते. आपली वेळ आली हे त्यांनी ओळखलं. हे गुपित त्यांनी आजच्या दिवसासाठीच राखून ठेवलं होतं.

“मी काय केलं, सर,” ते म्हणाले, “आपल्या घरात कार्डांचे जादा गठ्ठे पडून हुते. घातले पिशवीत आन नेऊन दिले कोंडीबाला. त्याची धाकटी लेक बारावी झाल्याली, चुणचुणीत. तिला सगळं समजावून सांगितलं. आदी कानडीत गोष्ट, मग मराठी. क्रांती घरात बोलायची त्ये मला पाठच झालंय.”

“रोज सांजच्याला बिरोबाच्या देवळात,” कोंडीबा म्हणाला. “पोरांस्नी दम दिलावता, बाईंस्नी सांगायचं न्हाई म्हणून. शेवटच्या चाचणीला एकदम कळू द्या म्हटलं, खूश हुत्याल.”

क्रांतीचा हात ताटातच थांबला.

सरांनी घास खाली ठेवला. राहीबाई आतून भाकरी घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“मामा,” क्रांती अगदी हळू म्हणाली, “हे कधीपासून?”

“पहिली चाचणी झाली न्हवं, त्याच्या मागोमाग.”

“शेवटच्या चाचणीपर्यंत?”

“व्हय की. एक दिस खाडा न्हाई केला पोरांनी.”

“आणि सगळी मुलं यायची?”

“सगळी,” कोंडीबा छाती काढून म्हणाला. “मेंढराकडं गेल्याली बी येत हुती.”

क्रांतीनं ताटाला नमस्कार केला आणि ती उठली. अंगावरचं घोंगडं तिनं घडी करून भिंतीकडेला ठेवलं आणि मागच्या दारानं परसात गेली. तिच्या चालण्यात राग नव्हता. असता तर नानासोंना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं.

“काय झालं?” ते म्हणाले. “सर, माझं काय चुकलं का?”

सरतापे सरांनी पाण्याचा घोट घेतला. “नानासो, तुमच्या उसात कारखान्याचा प्रात्यक्षिकाचा प्लॉट असतो ना?”

“असतोय की. निम्म्या रानात नवं खत, निम्म्यात जुनं. फरक किती पडतोय बघाया.”

“समजा, जुन्या रानातल्या उसाची कुणाला दया आली आणि त्यानं गुपचूप तिथंही नवं खत टाकलं, तर?”

“तर मग काय कळणार डोंबल! दोन्ही बी सारखंच...”

आणि तिथं नानासो थांबले. भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. शेतकरी माणूस; पुढचं सांगावं लागलं नाही.

“तसंच झालं,” सर म्हणाले. “तिला दोन्ही गावांत फरक आढळला नाही. न शिकवलेली मुलं शिकवलेल्यांइतकीच पुढं गेलेली. मलाही नवल वाटलं होतं. आम्ही पुन्हा पुन्हा आकडे तपासले. शेवटी मीच तिला म्हणालो, वय वाढतं तसं वाचन येतच असेल, तुझ्या पद्धतीचा काही उपयोग दिसत नाही. तिनं तसं प्रामाणिकपणे लिहून टाकलं. त्या पाटावरच्या प्रतींमध्ये तेच लिहिलंय: ही पद्धत निरुपयोगी आहे. तुम्हाला तिनं सांगितलं नाही, कारण तुम्ही गावभर सांगत होता की ती फार गुणाची आहे.”

नानासोंनी हातातला तुकडा ताटात ठेवला. सून गप्प होती, जेवत नव्हती, आणि त्याचं कारण तिच्याच समोर बसून भाकरी खात होतं.

कोंडीबा गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. “म्हंजे आमी पोरं शिकवली ह्ये वाईट केलं?”

“नाही, कोंडीबा,” सर म्हणाले. “त्याला मी वाईट म्हणूच शकत नाही. हीच तर पंचाईत आहे.”

विश्वजीतनं रश्श्याचं भांडं खाली ठेवलं. “ह्यात एवढं काय हाय?” तो म्हणाला. “छापून झालंय, बांधून झालंय. फरक पडला न्हाई तर न्हाई पडला, असं लिवल्यावर बी पीएच.डी. मिळतीय न्हवं, सर? मग उद्या जमा करायचं. इथं बसलेल्यांबिगर कुणाला ठावं हाय? मी गप, वडील गप, काका गप.”

“मिळेल,” सर म्हणाले. “कदाचित सहज मिळेल.”

“मग झालं की! आवं, ती किती दिस एसटीच्या दांड्याला धरून हुबी ऱ्हाणार? साताऱ्याची जागा गेली तर परत कवा निघंल?”

पोरगा बायकोसाठी भांडत होता आणि त्याचं खोटं नव्हतं. नानासोंनाही एका क्षणी तेच पटलं. आपणच घोटाळा केला, आपणच तोंड शिवून टाकू, एवढं तर आपल्या हातात आहे. ते उठले, हात धुतले आणि मागच्या दाराकडे वळले.

“मी समजावतो तिला,” ते म्हणाले.

“समजावाया नगा जाऊ,” राहीबाई म्हणाल्या. “ऐकाया जावा.”

परसात शेवग्याखाली धुणं धुवायच्या दगडावर क्रांती बसली होती. रडत नव्हती. डोळे मोठे करून समोरच्या उसाच्या खोडव्याकडे बघत होती. नानासो जवळ गेले पण बसावं कुठं कळेना, म्हणून उभेच राहिले. सासरा-सुनेचं नातं, पाठीवर हात ठेवावा तर संकोच, न ठेवावा तर जीव तुटतो.

“क्रांती, चुकलं माझं.”

“मामा, बसा की.”

ते पलीकडच्या पायरीवर टेकले.

“मी मूर्ख माणूस. तुला इचारलं असतं तर...”

“मामा, एक विचारू? खरं सांगायचं. तुम्ही का केलंत?”

हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं, राहीबाईंनाही नाही.

“मी भरती झालो तवा मला हिंदीचा एक शब्द येत नव्हता,” ते म्हणाले. “उस्ताद वरडायचा, समदी पोरं वळायची आन मी हुबा. मग मैदानाला पळत चकरा. मला वाटायचं, माझ्या टाळक्यातच काय न्हाई. कोंडीबाला बी येत नव्हतं. त्याला तर मराठी बी धड न्हाई, त्यो कानडीतला. आमी दोघं रातच्याला गुडघ्यात डोस्की घालून बसायचो. मग एका बेळगावच्या हवालदारानं आमाला आमच्या बोलीत सांगितलं, ह्याचा अर्थ ह्यो, त्याचा अर्थ त्यो. तवा कळलं, टाळकं हाय आपल्याला.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “त्या पोरांची चाचणी घेताना मी खिडकीतनं बघत हुतो. कागूद हातात धरून बसल्याली. त्यांच्या तोंडावर त्येच हुतं गं. मला न्हाई बघवलं.”

क्रांतीनं मान हलवली. “मलाही बघवत नव्हतं,” ती म्हणाली. “कार्डं पिशवीत असायची माझ्या. वाटायचं, काढावीत आणि द्यावीत. पण पुस्तकात लिहिलंय, द्यायची नाहीत. मी परत येताना तुमच्या पाठीमागं बसून रडायचे. गाडीच्या आवाजात तुम्हाला कळायचं नाही.”

“मग आता काय करायचं? विश्वा म्हणतोय, गप ऱ्हावा. मी गप ऱ्हातो. देवाशपथ सांगतो, कोंडीबा बी ऱ्हाईल.”

“आणि मुलं?” क्रांती म्हणाली. “मामा, तिथल्या शिक्षण खात्याच्या एका साहेबांनी मला परवाच विचारलं. म्हणाले, बाई, तुमचा निकाल काय? उपयोग होत असेल तर सीमेवरच्या सगळ्या शाळांना कार्डं देऊ, नसेल तर विषय बंद. मी उद्या हा प्रबंध दिला तर विषय बंद. पुन्हा कुणी कानडीतून गोष्ट सांगणार नाही. कुणी सांगायला लागलंच तर माझंच पुस्तक त्याच्यापुढं धरतील.”

तिचा आवाज इथं फुटला. पण लगेच ती हसलीही, आणि नानासोंना काहीच उमजेना.

“हसतीस काय?”

“आवं मामा, ती वाचतायत! कळतंय का? मी किती दिवस समजत होते की माझं सगळं फुकट गेलं. माझ्या पद्धतीनं काही होत नाही, मला शिकवायचंच कळत नाही. आणि कोंडीबाकाकांच्या बारावी झालेल्या मुलीनं, देवळात बसून, नुसत्या कार्डांवर सगळं गाव वाचतं केलं. माझी कार्डं चालतात, मामा!”

“मग त्येच लिव की!”

“ते लिहिता येत नाही ना. मला आतून कळलं, पण सिद्ध नाही झालं. पुन्हा करावं लागेल. नवी दोन गावं, पहिल्यापासून.”

नानासो खालमानेनं बसून राहिले. पुन्हा म्हणजे वर्ष. पुन्हा म्हणजे सातारा गेलं. एवढा मोठा घाव आपण घातला आणि पोरगी आपल्यालाच समजावतेय, याचं त्यांना फार वाईट वाटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्यांनी तोंड फिरवलं. क्रांती उठली, त्यांच्या पायरीवर शेजारी येऊन बसली आणि संकोच सोडून तिनं म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवला.

सोप्यात आल्यावर क्रांतीनं सरळ सरांना सांगितलं, “सर, उद्या जमा करत नाही. मुदतवाढीचा अर्ज करते.”

“विचार केलास? मर्यादा म्हणून एक टीप लिहून देता येईल. घडलेलं सगळं त्यात सांगायचं.”

“टीप कोण वाचतं, सर? निष्कर्षच वाचतात.”

सरतापे सरांनी तिच्याकडे पाहिलं. “मी तुला जमा कर म्हणालो नसतो,” ते म्हणाले. “पण करू नको म्हणायचा धीरही माझ्याच्यानं झाला नसता. माझी नोकरी कायमची आहे. ज्याचं पोट भरलंय त्यानं दुसऱ्याला उपास सांगू नये.”

विश्वजीत ताडकन उठून बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. तो परत आत आला आणि दाराला टेकून उभा राहिला. “ज्यादा एक वरीस,” तो म्हणाला. “त्याच्या पुढं मी ऐकणार न्हाई.” त्याच्या आवाजावरून तो पुढंही ऐकणार हे सगळ्यांना कळलं. राहीबाईंनी त्याच्या पाठीवर एक धपका घातला आणि सगळ्यांना पुन्हा पंगतीला बसवलं.

“एक करता येईल,” सर जेवता जेवता म्हणाले. “यंदा ज्या गावाला शिकवायचं नाही त्या गावाला आधीच सांगायचं: वर्षभर थांबा, मग हेच सगळं तुम्हालाही मिळणार. पंचांपुढं शब्द द्यायचा. मागच्या वेळी हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.”

“आन त्ये वरीसभर?” कोंडीबानं विचारलं.

“वर्षभर थांबायचं,” क्रांती म्हणाली आणि नानासोंकडे वळली. “मामा, तुम्ही येणार ना माझ्याबरोबर?”

“मी?” नानासो दचकले. “मला कशाला नेतीस? मला घरात कोंड, कुलूप लाव.”

“कुलपानं तुम्ही थांबणार नाही. तुम्ही यायचं, दोन्ही गावांत यायचं. पण काही करायचं नाही.”

फौजेत नानासोंना पुष्कळ हुकूम झाले होते. असला कधी झाला नव्हता.

शाळा सुरू झाल्या. साताऱ्याच्या जागेवर दुसरं कुणी लागल्याचं कळलं त्या दिवशी क्रांतीनं दिवसभर कार्डं कापली, आणि नानासो तिच्या समोर बसून कडा घासत राहिले.

नवी गावं कोंडीबाच्या गावाच्याही पलीकडची, अगदी सीमेला लागून. तिथल्या ‘न शिकवायच्या’ गावात पहिली चाचणी होती. पंचांना शब्द दिलेला होता. नानासो शाळेबाहेर लिंबाच्या पारावर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली घालून. आत खिडकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मधली सुट्टी झाली. पोरं पाण्याच्या टाकीकडे पळाली. एक लहानगी मात्र मराठीचं पुस्तक छातीशी धरून थेट पाराशी आली. केसांना तेल, कपाळाला भंडारा. तिनं पुस्तक उघडून नानासोंच्या मांडीवर ठेवलं, एका ओळीवर बोट टेकवलं आणि मान वर करून बघत राहिली.

चित्रात गाय होती, वासरू होतं. खाली एवढुशी ओळ. तेवढी सांगितली असती तर प्रबंध काही बुडत नव्हता. पण नानासो स्वतःला ओळखून होते. आज ओळ, उद्या पान, परवा देवळात सगळा वर्ग. त्यांच्या ओठांवर आलेलं ते वाक्य त्यांनी गिळलं.

ते काही बोलेनात तेव्हा पोरगी आणखी जवळ सरकली आणि तिनं अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, “अज्जा, निनगू ओदाक बरंगिल्लेन?”

आजोबा, तुलापण वाचायला येत नाही का?

कोंडीबाच्या संगतीत एवढं कानडी नानासोंना कळत होतं. कॉलेजात शिकवणाऱ्या सुनेचे सासरे, सुभेदार नानासो सिसाळ यांनी त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

“इल्ल,” ते म्हणाले. नाही.

पोरीचा चेहरा उजळला. तिनं पुस्तक मिटलं, पारावर चढली आणि त्यांच्या अंगाला अंग लावून बसली.